झेंडूला कोणतं खत?

"मॅडम, यंदा कोणतं खत देऊ?"

परवा शाळेतून घरी येताना नर्सरीवाल्यानं हात करून गाडी थांबवली आणि हे विचारलं. माझं डोकंच सटकलं. बिचाऱ्याचा काही दोष नाही. जून आला की धुळ्यात पाऊस येवो न येवो, त्याच्या दारात गोण्यांची थप्पी मात्र लागते. गांडूळखत, शेणखत, कोकोपीट, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, आणि एका चकचकीत पिशवीत 'फुलांसाठी खास'. त्या पिशवीवर झेंडूचं चित्र, लाडवाएवढं फूल, आणि फुलापाशी हसणारी बाई. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ती बाई माझ्याकडे बघून हसतेय असंच मला वाटायचं. "काही नको हो," असं तुटक उत्तर देऊन मी स्कूटी दामटली. घरी आल्यावर वाईट वाटलं, पण परत जाऊन समजूत काढण्याइतकंही नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. नत्र कशाला, स्फुरद कशाला, पालाश कशाला, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि पोरांकडून पाठ करून घेते. त्यामुळे झेंडू नावाच्या यःकश्चित झाडानं मला चार महिने नाचवावं, ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये आजही हसून सांगू शकत नाही. इतर लोक सांगतात. ते हसतात.

त्या वर्षी मे महिन्यात माझे वडील गावी न्हाणीत पडले. साक्रीच्या पुढे, डोंगरावर पवनचक्क्या दिसतात त्या अंगाला आमचं गाव. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आबा एकटेच राहायचे. शेजारच्या अक्कांना भांडं आपटल्याचा आवाज आला म्हणून त्या धावल्या, नाहीतर किती वेळ तसेच पडून राहिले असते कुणास ठाऊक. मनगट मोडलं, कंबर चेचली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांना आता एकटं ठेवू नका." बस्स. मी त्याच दिवशी आबांची एक पिशवी भरली आणि त्यांना धुळ्याला, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. बाल्कनीत त्यांच्यासाठी वेताची खुर्ची टाकली, चहातली साखर बंद केली, वरणातलं तिखट बंद केलं, जुनी काठी टाकून खाली रबर लावलेली नवी आणली. आबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, रुळले.

आबा हयातभर रस्त्यावर मैलकुली होते. म्हणजे सरकारी रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मोऱ्या साफ ठेवायच्या. पाठीला ऊन, हातात फावडं आणि डोक्यावर टॉवेल. पण त्यांच्या तुकड्यात मैलाच्या दगडापाशी झेंडू असायचा. कोणी सांगितलं नव्हतं, त्याचा पगार नव्हता. घराच्या अंगणातही झेंडू. दसऱ्याला, म्हणजे आमच्या विजयादशमीला, विहारात बुद्धमूर्तीला जो हार पडायचा तो आबांच्या अंगणातला. हार कोमेजला की तो घरी आणायचा, भिंतीच्या खुंटीवर वाळवायचा आणि मृगात तोच हार हातानं चुरगळून अंगणात फेकायचा. विकतचं बी आमच्या घरात कधी आलं नाही. लहानपणी त्या चुरगळलेल्या फुलांचा वास माझ्या वहीला लागायचा. कडवट, उग्र, जरासा औषधासारखा वास. शहरात आल्यावर तो वास मी विसरून गेले होते.

मृगाच्या सुमारास आबांनी पिशवीच्या तळातून एक रुमाल काढला. त्यात तसाच वाळका हार. माझ्यासमोर धरून म्हणाले, "दोन-चार डब्बा लई ये."

आबांच्या भाषेत कुंडी म्हणजे डब्बा. मी दहा कुंड्या आणल्या. आबांनी हार चुरगळला आणि मग अगदी सहज, भाजीला मीठ घाला म्हणावं तसं म्हणाले, "या डब्बामा मना झेंडू फुलना, तर मी आठेच राहसू. नही फुलना, तर दसराले माले गावले धाडी दे."

फुलला तर इथं राहायचं, नाहीतर दसऱ्याला गावी. मी "बरं" म्हटलं. त्यात काय! झेंडू तर उकिरड्यावरही येतो. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, "आबांनी तुला सोपा पेपर दिलाय." आम्हा दोघांनाही तसंच वाटलं. पण आत कुठंतरी मला धाकधूक होती. मला आबा इथं हवे होते. दुसऱ्यांदा पडले आणि अक्का त्या दिवशी बाजाराला गेलेल्या असल्या तर? हा विचार मला वर्गात, भाजी चिरताना, सिग्नलला उभी असताना, कुठंही गाठायचा. तेव्हा सोपा असो की अवघड, हा पेपर मला पहिल्या नंबरानं पास व्हायचा होता.

आता बघा, बी आबांचंच. ऊन आमच्या बाल्कनीत नको इतकं. पाणी नळाचं. मग माझ्या हातात उरलं काय? खत!

नर्सरीवाला म्हणाला, "गांडूळखत घ्या मॅडम, डोळे मिटून." मी घेतलं. त्यात कोकोपीट मिसळलं. काळंभोर, भुसभुशीत, हातातून सुळकन निसटणारं ते मिश्रण बघून मलाच खावंसं वाटलं. आबांच्या नाकाशी मूठ नेली, "बघा आबा, कसं आहे?" त्यांनी वास घेतला. "भारी शे," म्हणाले. आठ दिवसांत रोपं वर आली. पानं अशी तुकतुकीत की शेजारीण विचारायला आली, तेल लावता का म्हणून. मी फुशारले.

मग स्टाफरूममध्ये विषय निघाला. आमचे चौधरी सर यावलकडचे, घरी केळीच्या बागा. दर शनिवारी गावी जातात, सोमवारी पहाटेच्या बसनं परत येतात. ते म्हणाले, "गांडूळखतात काय आहे मॅडम? फुलाला पालाश लागतो, पालाश! केळीच्या खोडाचं कुजवलेलं खत आणतो तुम्हाला. बघाच." पुढच्या सोमवारी ते खरोखर गोणी घेऊन शाळेत हजर. जळगावच्या स्टँडवर बस बदलताना कंडक्टरनं गोणी आत घेऊ दिली नाही, म्हणून भांडून टपावर टाकली होती. एवढं कोणी माझ्यासाठी केल्यावर मी ते खत घालणार नाही असं होईल का? वरचं गांडूळखत तसंच ठेवून त्यावर हे घातलं. झाडं आणखी जोमानं वाढली. खोडं माझ्या अंगठ्याएवढी झाली.

कळी मात्र नाही.

श्रावण निम्मा सरला. धुळ्यातला श्रावण म्हणजे पाऊस थोडा आणि वारा फार. ढग येतात, कोणाचा तरी निरोप असल्यासारखे घाईनं पूर्वेकडे जळगावला निघून जातात, आणि इथं नुसती धूळ उडते. त्या वाऱ्यात माझे दहा झेंडू डोलायचे. कमरेएवढे उंच, हिरवेगार, आणि वांझोटे. हा शब्द मी तेव्हा मोठ्यानं वापरला आणि नवऱ्यानं "अगं, झाड आहे ते" म्हणून दटावलं. मला काही ऐकायचं नव्हतं. मी मोबाईल उघडला.

मोबाईलवर काय नाही? एक बाई म्हणते, चहाचा चोथा. एक गृहस्थ म्हणतात, कांद्याची सालं तीन दिवस भिजवा. तिसरा आंबट ताक, चौथा अंड्याची टरफलं, पाचवा गूळ आणि बेसन. मी सगळं केलं. होय, सगळं! बाल्कनीत आंबलेल्या कांद्याचा असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'कोणाकडे काही मेलं आहे का' असं विचारलं. आबा त्या वासात खुर्चीवर बसून रस्त्यावरची रहदारी बघायचे. मी विचारलं, "वास येतो का आबा?" म्हणाले, "येस ना." एवढंच. तक्रार नाही.

शेवटी मी म्हटलं, शहरातलं खतच खोटं. आपल्या मातीतलं खत पाहिजे. एका रविवारी नवऱ्याला गाडी काढायला लावली, साक्रीच्या अलीकडे ओळखीच्या एका गोठ्यावरून शेणखताच्या दोन गोण्या भरून आणल्या. येताना गाडीत मी जिंकल्यासारखी गाणं गुणगुणत होते. गोठेवाला म्हणाला होता, "अजून महिनाभर मुरू द्या." पण माझ्याकडे महिना कुठं होता? दसरा डोक्यावर आलेला. मी तसंच ओलं, अर्धकच्चं खत कुंड्यांत कालवलं. दहा-बारा दिवसांत दोन झाडं मान टाकून बसली. उपटून बघितलं तर मुळं जागेवर नाहीत, आणि मातीत पांढरीफटक, वाकडी होऊन पडलेली हुमणीची अळी. करंगळीएवढी जाड. शेतकऱ्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की कच्च्या शेणखतातून हुमणी येते. आणि मी, बीएस्सी, बीएड. मी तिथंच फरशीवर बसले आणि रडले. मातीचे हात डोळ्यांना लागले म्हणून आणखी रडले.

आबा खुर्चीतून म्हणाले, "ऊठ माय, चहा कर." मला इतका राग आला! ह्यांना काय, ह्यांना गावीच जायचंय, असं मनात म्हणत मी चहा टाकला. बिनसाखरेचाच.

खरं सांगायचं तर आबांचा राग मला तो पावसाळाभर येत होता, आणि तो राग दाखवता येत नव्हता म्हणून मी तो खतावर काढत होते. त्यांनी एकदा तरी म्हणावं, राहू दे ती अट, मी राहतो तुझ्याजवळ. मी त्यांच्या गोळ्या सांभाळत होते, पाय चेपत होते, शाळेतून मधल्या सुट्टीत घरी फोन करत होते. त्या सगळ्याला ह्या माणसाच्या लेखी काही किंमत नाही आणि एका फुलाला आहे, हे मला सहन होत नव्हतं. आजही ह्या विषयावरून आम्हा बापलेकींचं फोनवर भांडण होतं. तेव्हा मात्र आम्ही भांडतच नव्हतो, तीच तर अडचण होती.

दसऱ्याला चार दिवस उरले तेव्हा मी शेवटचा उपाय केला. आता लिहितानाही लाज वाटते. दुपारी आबा झोपले असताना नर्सरीतून फुललेला झेंडू कुंडीसकट आणला, गाडग्याएवढी सात फुलं असलेला, आणि आमच्या आठ झाडांच्या मधोमध ठेवून दिला. वर पानं नीट सारखी केली. आबा उठले, काठी टेकत आले, उभे राहिले. त्यांनी एक फूल खुडलं, पाकळ्या बोटांनी उलट्या केल्या, देठाजवळचा भाग नखानं उसवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"यामा बी नही शे," म्हणाले. "हाऊ मना झेंडू नही शे."

खरंच, पाकळ्यांच्या मुळाशी काळ्या काड्यांसारखं बी नव्हतं. नुसतं भुसकट होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते परत खुर्चीवर जाऊन बसले, आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं.

दसरा आला. माझी आठही झाडं हिरवीच. मी शब्द पाळला. नवरा कामानिमित्त बाहेरगावी होता, म्हणून भाड्याची गाडी केली. आबांनी पिशवी स्वतः भरली, पांढरा सदरा घातला आणि माझ्याआधी जिना उतरले. एक एक पायरी, कठडा धरून, पण माझा हात न घेता. वाटेत ते खिडकीतून रस्त्याची कड बघत होते. एका ठिकाणी म्हणाले, "मोरी तुंबनी." पवनचक्क्या दिसायला लागल्या. हरले होते मी. आता रोज फोन, रोज धास्ती.

घराचं फाटक उघडलं आणि मी जागच्या जागी थांबले.

अंगणात झेंडू होता. भिंतीच्या कडेनं, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, पायरीच्या फटीत, जिथं तिथं. गुडघ्याएवढी खुरटी झाडं, पानं फिक्कट, आणि प्रत्येक झाड फुलांनी लगडलेलं. छोटी, घट्ट, गडद केशरी फुलं. वहीला लागायचा तोच उग्र वास. मी खाली बसून माती हातात घेतली. माती कसली, मुरूमच तो. रस्त्याच्या कामातून उरलेला, आबांनी वर्षानुवर्षं अंगणात पसरलेला लाल, खरखरीत मुरूम. त्यात खताचा कण नव्हता.

भिंतीपलीकडून अक्का जय भीम घालत आल्या. मी विचारलं, "अक्का, ह्याला पाणी कोण घालत होतं? खत कोणतं घातलंत?"

"खत?" अक्का हसायलाच लागल्या. "झेंडूले? अवं, गये सालनं बी पडेल व्हतं, आपोआप उगनं. खत दिधं का नुसता पाला वाढस. त्याले उपाशी ठेवं का फुलस तो."

मी आबांकडे वळले. ते वाकून फुलं तोडायला लागले होते, सदऱ्याच्या ओच्यात टाकत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वरीस लावा मी झेंडू."

मग मात्र माझा बांध फुटला. पांढरे कपडे घातलेली माणसं विहाराकडे निघाली होती, ती थांबून बघायला लागली, तरी मी ओरडतच राहिले. चार महिने! चार महिने मी गोण्या वाहिल्या, कांद्याची सालं आंबवली, लोकांची बोलणी खाल्ली, आणि तुम्ही नुसते बघत बसलात? एका शब्दानं सांगता येत नव्हतं? इतकं तोडून टाकायचं होतं मला?

आबांनी ओचा सावरला. आवाज चढवला नाही. "तू दुकानवालाले इचारं," ते म्हणाले. "चौधरी सरले इचारं. मोबाईलले इचारं." खाली पडलेलं एक फूल उचलून ओच्यात टाकलं. "मी तठेच बठेल व्हतू."

सगळ्यांना विचारलं होतं मी, त्यांना सोडून. ज्याच्याशी पैज लावली त्यालाच कसं विचारायचं, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं ठरलं असतं. मला ते सुचलंच नव्हतं. साखर बंद करताना, काठी बदलताना, पिशवी भरून त्यांना गाडीत बसवताना मी डॉक्टरांना विचारलं होतं, नवऱ्याला विचारलं होतं. हुमणी निघाली त्या दिवशी रडत रडत मी चौधरी सरांना फोन केला होता, आणि फोनवर बोलताना माझी पाठ आबांच्या खुर्चीकडे होती.

आम्ही दोघांनी मिळून हार ओवला. मी सुईत दोरा घालून दिला, ते ओवत गेले. त्यांचं मनगट दुखत होतं तरी मी मध्ये बोलले नाही. विहारात वंदना झाली, हार चढला, आबा तिथल्या चटईवर मांडी घालून बसले. धुळ्यात ते एकदाही मांडी घालून बसले नव्हते. परत आल्यावर ओट्यावर टेकलो तेव्हा मी विचारलं, "इथं एकटं कसं राहणार तुम्ही? परत पडलात तर?"

आबांनी लगेच सांगायला सुरुवात केली, जणू जूनपासून ओठांवरच होतं. खाट आतल्या खोलीतून पुढं आणायची. न्हाणीची पायरी फोडून उतार करायचा. भिंतीला धरायला लोखंडी दांडी ठोकायची. सकाळी अक्का हाक मारतील, ओ दिली नाही तर आत येतील. भाकरी त्यांच्याकडूनच येईल, हे दोघांचं ठरलेलं होतं. मला एवढा विचार डॉक्टरांनीही सांगितला नव्हता. माझी भीती गेली का? नाही गेली. अजूनही फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही की मी लगेच अक्कांना फोन लावते.

मी त्या दिवशी मुक्कामाला थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला मिस्त्री आला. त्यानं न्हाणी बघितली, पायरी फोडून ठेवली, भिंतीवर हात फिरवला आणि पेन्सिल कानावरून काढली. आबा दारातच उभे होते. मिस्त्रीनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ताई, दांडी किती उंचीवर ठोकू?"

मी म्हटलं, "मला नको विचारू. आबांना विचार."